दस्ता आणि कायदा : अमेरिकेतील अर्धस्वयंचलित रायफलींचे दस्ते घरी बदलण्याच्या प्रथेचा इतिहास

प्रास्ताविक :

शस्त्रांच्या इतिहासात नळी, काडतूस आणि गोळी झाडणारी यंत्रणा यांचा अभ्यास विपुल झाला आहे. त्या मानाने दस्त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा, गाल ठेवण्याचा व हाताने धरण्याचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा भाग. तो गोळी झाडत नाही, गोळीचा वेग वाढवीत नाही आणि काडतुसाशी त्याचा थेट संबंधही येत नाही. कदाचित यामुळेच सुतारकामाचा विषय म्हणून तो बाजूला पडला असावा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र रायफलीचा मूळ दस्ता काढून दुसऱ्या उत्पादकाने बनविलेला दस्ता घरच्या घरी बसविण्याची प्रथा शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. तिची सुरुवात शिकारी व नेमबाज यांच्या गरजेतून झाली. पुढे अर्धस्वयंचलित रायफली, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी झाडून पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफली, सर्वसामान्यांच्या हाती आल्या आणि ही प्रथा कायद्याच्या वादात ओढली गेली. १९६८ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याने दस्त्याला बंदूक मानलेले नाही. परंतु एखादी बंदूक साधी की धोकादायक, शिकारीची की लष्करी धाटणीची, हे ठरविताना त्याच कायद्याने वारंवार दस्त्याकडेच बोट दाखविले आहे. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या सामान्य बंदूकधारकावर तिचा काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापाचा प्रश्न :

लष्करी रायफलीचा दस्ता सर्व सैनिकांसाठी एकाच मापाचा असतो. चापापासून दस्त्याच्या मागील टोकापर्यंतचे अंतर साधारणपणे १३ ते १४ इंच ठेवले जाते. उंच माणसाला ते तोकडे पडते, ठेंगण्या माणसाला किंवा मुलाला लांब होते. गाल टेकण्याची जागा खाली असेल तर डोळा नेमाच्या रेषेत येत नाही. तयार कपडे आणि शिंप्याकडे माप देऊन शिवलेले कपडे यांत जो फरक असतो तोच येथे असतो. दस्ता बदलण्यामागची पहिली प्रेरणा हीच होती, हे लक्षात घेतले पाहिजे. कारण नंतरच्या वादात ही साधी बाब दोन्ही पक्षांच्या नजरेआड झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी लष्कराची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल या प्रयोगांचे प्रमुख साधन ठरली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी सरकारी शस्त्रशाळेने ही रायफल शिकारी दस्ता लावून तयार केली होती आणि १९०९ मध्ये आफ्रिकेच्या शिकारयात्रेत ती त्यांच्याबरोबर होती. न्यूयॉर्कमधील सीमोर ग्रिफिन हा मुळात फर्निचर बनविणारा कारागीर होता. स्प्रिंगफील्डला अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते बसविण्यात त्याने नाव मिळविले आणि १९२३ मध्ये जेम्स हाउ याच्याबरोबर 'ग्रिफिन अँड हाउ' ही पेढी स्थापन केली. या पेढीच्या रायफली श्रीमंतांनाच परवडत असत. ज्यांना त्या परवडत नव्हत्या त्यांनी तेच काम स्वतः करावयास घेतले. सरकारच्या नागरी नेमबाजी योजनेतून 'नॅशनल रायफल असोसिएशन'च्या सभासदांना लष्कराच्या जुन्या रायफली स्वस्तात मिळत असल्यामुळे प्रयोगाला माल कमी नव्हता. विस्कॉन्सिनमधील आल्विन लिंडेन या दस्ताकाराने हे काम शिकविणाऱ्या पुस्तिका लिहिल्या आणि त्यांचा वाचक हा प्रामुख्याने घरी काम करणारा हौशी माणूस होता.

या हौशी माणसाची खरी सोय मिसूरी राज्यातील वॉरसॉ या छोट्याशा गावाने केली. ई. सी. बिशप आणि राइनहार्ट फायेन या दोघांचेही दस्त्यांचे कारखाने याच गावात होते. तेथून अर्धवट कोरलेले दस्ते टपालाने देशभर जात असत. बाहेरचा आकार व आतील खोबण यंत्रावर जवळपास पूर्ण केलेली असे. शेवटचा हात ग्राहकाने फिरवावयाचा. धातूच्या भागांना निळसर-काळा रंग लावून ते लाकडात दाबावयाचे, जेथे डाग उमटेल तेथे पटाशीने अगदी पातळ पापुद्रा काढावयाचा आणि पुन्हा दाबून पाहावयाचे. असे शेकडो वेळा केल्यावर लाकूड आणि धातू यांच्यात कागदही जाऊ नये अशी बैठक साधली जाई. त्यानंतर काचकागदाने घासणे, लाकूड ओले करून उठलेले तंतू पुन्हा घासणे आणि शेवटी जवसाच्या तेलाचे हात देत राहणे. या सर्वाला एखाद्या हिवाळ्यातील सर्व संध्याकाळी सहज लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर राळ व काचतंतू यांच्या मिश्रणाने खोबणीतील उणिवा भरून काढण्याची सोय झाली आणि कमी कौशल्य असलेल्यांनाही हे काम जमू लागले. मात्र यात एक धोका होता व आहे. मिश्रण चिकटू नये म्हणून धातूला लावावयाचा लेप विसरला तर रायफल दस्त्याला कायमची चिकटून बसते, आणि हा अनुभव घेतलेल्यांची संख्या लहान नसावी.

१९३४ चा कायदा आणि खांद्याची व्याख्या :

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर २६ जून १९३४ रोजी 'नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट' संमत झाला. मूळ विधेयकात मशिनगनबरोबर पिस्तुले व रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलावर कर बसविला तर लोक रायफलीची नळी व दस्ता कापून तिचे पिस्तूल करतील, या भीतीने आखूड नळीच्या रायफली व शॉटगन यांचाही त्यात समावेश करण्यात आला. पुढे विरोधामुळे पिस्तुले विधेयकातून वगळली गेली, परंतु त्यांच्यासाठी घातलेले कुंपण मात्र तसेच राहिले. १८ इंचांहून आखूड नळीची रायफल बनविणे किंवा हस्तांतरित करणे यावर २०० डॉलर कर व नोंदणी लागू झाली. त्या काळी ही रक्कम अनेक बंदुकांच्या किमतीहून मोठी होती. रायफलीसाठी ही मर्यादा १९६० मध्ये १६ इंच करण्यात आली.

या कायद्यात रायफलीची ओळख खांद्यावरून झाडण्याच्या हेतूशी जोडलेली आहे. खांद्यावरून झाडावयाचे म्हणजे दस्ता आलाच. आखूड नळीच्या पिस्तुलाला दस्ता लावला की ते कायद्याच्या दृष्टीने आखूड नळीची रायफल होते. याचे जुने उदाहरण जर्मनीच्या १८९६ च्या माउझर पिस्तुलाचे आहे. या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे लाकडी म्यान मागे जोडले की तेच दस्ता म्हणून वापरता येई. हौशी संग्राहकाच्या कपाटात निरुपद्रवी वाटणारी ही वस्तू १९३४ नंतर कर व नोंदणीच्या कक्षेत आली. पिस्तूल तेच, काडतूस तेच, नळीही तीच. केवळ एक लाकडी तुकडा जोडल्याने तिचा वर्ग बदलला. दस्त्याने बंदुकीचा वर्ग बदलतो हे तत्त्व अमेरिकी संघीय कायद्यात येथे प्रथम रुजले.

कार्बाइन, टपाल आणि १९६८ :

अर्धस्वयंचलित रायफली अमेरिकी बाजारात नव्या नव्हत्या. विंचेस्टरची .२२ ची रायफल १९०३ मध्ये, तर जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरची रेमिंग्टनची रायफल १९०६ मध्ये विक्रीस आली होती. परंतु अशी रायफल सामान्य माणसाच्या घरात मोठ्या संख्येने पोहोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३६ मध्ये लष्कराने स्वीकारलेली गॅरंड आणि १९४१ मध्ये स्वीकारलेली एम-१ कार्बाइन या दोन्ही अर्धस्वयंचलित होत्या. कार्बाइनचे उत्पादन ६० लाखांहून अधिक झाले आणि ते करणाऱ्यांत टंकलेखन यंत्रे बनविणारी अंडरवुड व संगीतपेट्या बनविणारी रॉक-ओला यांसारख्या कंपन्याही होत्या. छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या दस्त्याची वेगळी आवृत्ती काढण्यात आली होती. तिची संख्या सुमारे १ लाख ४० हजार एवढीच होती. १९६३ मध्ये नागरी नेमबाजी योजनेतून कार्बाइन सुमारे २० डॉलरला मिळत असे.

एवढी हलकी, स्वस्त रायफल हाती आल्यावर दस्त्यांचा व्यापार फोफावला नसता तरच नवल. कार्बाइनची पुढची पट्टी सैल केली की दस्ता सुटत असे. वॉरसॉच्या कारखान्यांनी तिच्यासाठी शिकारी धाटणीचे, गालाचा उंचवटा असलेले अक्रोडी दस्ते काढले. काहींना उलट हवे होते. त्यांनी छत्रीधारी सैनिकांच्या घडीच्या दस्त्याच्या नकला लावून आपल्या कार्बाइनला युद्धातील रूप दिले. म्हणजे एकाच रायफलीला एक मालक सौम्य करीत होता आणि दुसरा उग्र. दोघांच्या हातातील यंत्रणेत काडीचाही फरक नव्हता.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. तीत वापरलेली इटालियन कारकानो रायफल शिकागोच्या दुकानातून टपालाने मागविलेली होती. ती अर्धस्वयंचलित नव्हती. तरीही टपालाने होणाऱ्या शस्त्रविक्रीचा प्रश्न तिच्यामुळे ऐरणीवर आला आणि १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, 'गन कंट्रोल अॅक्ट' संमत झाला. या कायद्याने सामान्य ग्राहकाला दुसऱ्या राज्यातून टपालाने बंदूक मागविण्यास बंदी केली. आणखी एक बदल त्याने केला; तो त्या वेळी फारसा गाजला नाही, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. १९३८ च्या संघीय कायद्यात बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येत होते. प्रत्येक लहानसहान भागावर नियंत्रण ठेवणे व्यवहार्य नाही असे मत पुढे आले आणि १९६८ च्या कायद्याने सुटे भाग व्याख्येतून वगळून केवळ बंदुकीची चौकट, म्हणजेच रिसीव्हर, हीच बंदूक मानली. ज्या धातूच्या चौकटीत काडतूस भरणे, फुटणे व टरफल बाहेर पडणे यांची यंत्रणा बसते ती चौकट म्हणजे बंदूक. बाकी सर्व सामान. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही अंतर्भूत आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे अमेरिकी बदलाचे वेगळेपण स्पष्ट होते.

या बदलाचा परिणाम असा झाला की रायफल टपालाने येईनाशी झाली, पण तिचा दस्ता येत राहिला. परवाना नको, नोंद नको, वयाची चौकशी नको. टपालाने बंदूक विकण्याचा मार्ग बंद झाला तेव्हा टपालाने दस्ता विकण्याचा मार्ग कायद्यानेच मोकळा ठेवला. घरी दस्ता बदलण्याच्या प्रथेला पुढील काळात जे उद्योगाचे स्वरूप आले त्याचा पाया या व्याख्येत आहे.

एका स्क्रूची रायफल :

१९६४ मध्ये कनेक्टिकटमधील 'स्टर्म, रूगर' कंपनीने १०/२२ ही .२२ ची अर्धस्वयंचलित रायफल बाजारात आणली. ससे-खारींची शिकार, डबे टिपणे, मुलांना नेमबाजी शिकविणे यांसाठी ती बनविलेली होती आणि तिच्या लाखोंनी प्रती खपल्या. तिची रचना या इतिहासात निर्णायक ठरली. नळीभोवतीची पट्टी सैल केली आणि खालचा एक स्क्रू काढला की संपूर्ण यंत्रणा दस्त्यातून वर उचलून घेता येते. पटाशी नको, रंग नको, राळ नको. वॉरसॉच्या ग्राहकाला जे काम एक हिवाळा पुरत असे ते आता चहा गार होण्याच्या आत उरकू लागले.

यामुळे कारागिराची जागा खरेदीदाराने घेतली, असे म्हणता येईल. सुरुवातीला अक्रोडाचे व पुढे बर्चचे मूळ दस्ते काढून लोकांनी रंगीत लाकडी पापुद्रे दाबून बनविलेले, रबराचे आवरण असलेले, अंगठ्यासाठी भोक असलेले, घडी होणारे असे नाना प्रकारचे दस्ते लावले. साउथ डकोटातील मिचेल गावच्या बॉइड्ससारख्या कंपन्या याच व्यापारावर वाढल्या. जाड नळी बसविणाऱ्यांनी दस्त्याची नळीखालची खाच घरी घासून रुंद केली. वाढत्या मुलासाठी मागच्या पट्ट्या काढून-घालून लांबी बदलता येईल असे दस्ते आले आणि मापाचा जुना प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. जुन्या दस्ताकारांनी या साऱ्याकडे नाके मुरडली असतील, परंतु खांदा दुखावलेल्या किंवा बुटक्या माणसाला या सोयीने मिळालेला दिलासा त्यांच्या अभिरुचीपेक्षा कमी मोलाचा नव्हता.

स्टॉकटन आणि त्यानंतर :

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील प्राथमिक शाळेच्या मैदानावर एका इसमाने कलाश्निकोव्ह धाटणीच्या चिनी अर्धस्वयंचलित रायफलीतून गोळीबार केला. ५ बालके ठार झाली. त्यांत आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासितांची मुले होती. या घटनेने देश हादरला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी 'असॉल्ट वेपन'विषयक कायदा केला आणि संघीय सरकारने मार्चमध्ये अशा रायफलींची आयात थांबविली.

आयातबंदीसाठी नवा कायदा करावा लागला नाही. आयात होणारी बंदूक क्रीडाप्रकारास योग्य असली पाहिजे, ही अट १९६८ च्या कायद्यात होतीच. आता प्रश्न असा की क्रीडेस अयोग्य काय हे कसे ठरवावयाचे? अर्धस्वयंचलित यंत्रणा तर शिकारीच्या रायफलीतही होती. म्हणून जुलै १९८९ च्या सरकारी अहवालाने लष्करी धाटणीची लक्षणे निश्चित केली. घडीचा किंवा सरकता दस्ता, वेगळी पिस्तुली मूठ, संगिनीची खुंटी, ज्वालारोधक इत्यादी त्यांत होती आणि ४३ प्रकारच्या रायफली आयातीस अपात्र ठरल्या. आयातदारांनी यावर लगेच तोड काढली. त्यांनी पिस्तुली मूठ व मागचा दस्ता यांना एका लाकडी तुकड्यात जोडून मध्ये अंगठ्यासाठी भोक ठेवले. मूठ वेगळी नाही, घडी नाही, म्हणून लक्षण नाही. हा दस्ता नेमबाजाच्या हाताच्या सोयीसाठी नव्हे, तर व्याख्येच्या मापाने कापलेला होता. आयातबंदीची ही फट बुजविण्यास सरकारला एप्रिल १९९८ पर्यंत वेळ लागला.

ग्राहकाने असा आयात दस्ता घरी नेऊन बदलला तर काय? याचे उत्तर १९९० च्या कायद्याने दिले. आयातीस अपात्र असलेली रायफल आयात भागांपासून देशात जुळविणेही बेकायदा ठरले. १९९३ च्या नियमांनी २० भागांची यादी केली आणि त्यांपैकी १० हून अधिक भाग परदेशी असता कामा नयेत असे ठरविले. मागचा दस्ता, पिस्तुली मूठ व पुढचा हातधर हे तिन्ही या यादीत आहेत. त्या काळात चीनमधून येणारी सिमोनोव्ह एसकेएस ही अर्धस्वयंचलित रायफल अतिशय स्वस्त होती आणि तिचा तोकडा लाकडी दस्ता काढून काळा प्लॅस्टिकचा दस्ता लावण्याची हौस सर्वत्र पसरली होती. अनेक मालकांना आपण यादीतील भाग मोजावयास हवेत याची कल्पनाही नसे. ज्यांना होती ते कागद घेऊन बसत व हिशेब मांडीत: दस्ता देशी, हातधर देशी, मॅगझिनचे तीन भाग देशी... दस्ता हा बंदूक नाही असे १९६८ चा कायदा सांगत होता. १९९३ चे नियम मात्र त्याच दस्त्याला एक गुण देऊन त्याच्या मातृभूमीची चौकशी करीत होते.

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयासमोर 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध थॉम्पसन/सेंटर आर्म्स' हा खटला आला. न्यू हॅम्पशायरच्या या कंपनीने एक पिस्तूल, २१ इंची नळी आणि रायफलीचा दस्ता असा संच एकत्र विकावयाचे ठरविले. घरी जोडताना ग्राहकाने लांब नळी लावून दस्ता लावला तर कायदेशीर रायफल होई. पिस्तुलाची आखूड नळी तशीच ठेवून दस्ता लावला तर १९३४ च्या कायद्याखालची निषिद्ध वस्तू. प्रत्यक्षात दोन्ही जोडण्यांमध्ये अंतर होते ते ग्राहकाने कोणती नळी हाती घेतली एवढेच. कंपनीने २०० डॉलर कर भरून परताव्याचा दावा केला. ८ जून १९९२ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भागांपासून कायदेशीर रायफल बनू शकते आणि कायद्याचा अर्थ संदिग्ध आहे, तेव्हा संदिग्धतेचा लाभ नागरिकाला मिळाला पाहिजे, असा न्या. सूटर यांच्या मताचा आशय होता. मूळ पिस्तूल एकेक गोळी भरण्याचे असले तरी निकालाचे महत्त्व व्यापक आहे. गुन्हा कोठे घडतो, कारखान्यात, दुकानात की ग्राहकाच्या टेबलावर, या प्रश्नाला न्यायालयाला प्रथमच भिडावे लागले.

१३ सप्टेंबर १९९४ ते १३ सप्टेंबर २००४ :

१९९४ च्या संघीय बंदीने आयातीसाठी ठरविलेली लक्षणांची पद्धत देशी रायफलींनाही लावली. सुटे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीत घडीचा वा सरकता दस्ता, ठळकपणे खाली आलेली पिस्तुली मूठ, संगिनीची खुंटी, ज्वालारोधक किंवा त्यासाठी आटे पाडलेली नळी, ग्रेनेड फेकण्याचे साधन या पाचांपैकी दोन लक्षणे असली की ती निषिद्ध. कायद्याबरोबर सूट मिळालेल्या शेकडो बंदुकांची यादी होती. तीत रूगरच्या १०/२२ आणि मिनी-१४ या दोन्ही अर्धस्वयंचलित रायफली आहेत, पण नावापुढे कंसात 'घडीचा दस्ता नसल्यास' अशी अट आहे. संपूर्ण कायद्याचा स्वभाव या लहानशा कंसात दिसतो. बाजारातील घडीच्या दस्त्यांना बहुधा पिस्तुली मूठ जोडलेलीच असे. त्यामुळे एकच भाग घरी बसविला की दोन लक्षणे एकदम पुरी होत. मुलाला नेमबाजी शिकविण्याची रायफल अशा रीतीने एका स्क्रूनिशी संघीय गुन्ह्याची वस्तू बनू शकत होती, आणि तो स्क्रू पुन्हा फिरवला की पूर्ववत होत होती.

१३ सप्टेंबर १९९४ पूर्वी त्या रूपात असलेल्या रायफलींना बंदी लागू नव्हती. साहजिकच रिसीव्हरवरील क्रमांकावरून त्याचे वर्ष शोधण्याला महत्त्व आले आणि बंदीपूर्व रायफलींच्या किमती वाढल्या. एआर-१५ धाटणीच्या रायफली बनविणाऱ्यांनी सरकता दस्ता एका लांबीवर पिन ठोकून पक्का केला. दिसावयास सरकता, प्रत्यक्षात अचल. अशा दस्त्याचे मापाच्या दृष्टीने काय झाले हे सांगणे नको. ज्या सोयीसाठी तो जन्मला ती सोयच पिनेने काढून घेतली.

बंदीच्या समर्थकांचे म्हणणे एकदम टाकाऊ ठरविता येणार नाही. घडीच्या दस्त्याने रायफल कोटाखाली किंवा पिशवीत लपविणे सोपे होते ही वस्तुस्थिती आहे, आणि स्टॉकटननंतर काही न करणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला शक्य नव्हते. परंतु क्रिस्टोफर कोपर यांच्या २००४ च्या मूल्यमापनात असे आढळले की बंदीपूर्वी बंदुकीच्या गुन्ह्यांत अशा शस्त्रांचा वाटा अंदाजे २ ते ८ टक्के होता व त्यांतही पिस्तुलेच अधिक होती. लक्षणांवर बोट ठेवणारा कायदा यंत्रणेला हात लावीत नव्हता. उत्पादकांनी लक्षण काढून यंत्रणा विकली. दुसरीकडे लक्षणे कोणती हे कायद्यानेच जाहीर केल्यामुळे ग्राहकाला नेमकी तीच हवीशी झाली. बंदीने दस्त्यांचा धंदा बुडविला नाही, उलट त्याला जाहिरात पुरविली, असे मत नोंदविणे चुकीचे ठरणार नाही.

बंदी उठल्यानंतर :

२००४ नंतर सरकता दस्ता बहुतेक राज्यांत मुक्त झाला. एआर-१५ चा दस्ता मागच्या नळकांड्यावर सरकविण्याचा असल्याने तो बदलण्यास स्क्रूचीही गरज उरली नाही. खालची खिट्टी ओढली की पुरे. घरच्या कामातील एकमेव गोंधळ व्यासाचा राहिला. लष्करी मापाचे नळकांडे सुमारे १.१५ इंच, तर व्यापारी मापाचे सुमारे १.१७ इंच. एकासाठी घेतलेला दस्ता दुसऱ्यावर एकतर चढत नाही किंवा खडखडतो. कॅलिफोर्नियात मात्र २००० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार सुट्या मॅगझिनच्या 'सेंटरफायर' काडतुसांच्या रायफलीत एकच लक्षण पुरेसे होते आणि अंगठा-भोकाचा दस्ताही आता नाव घेऊन यादीत आला. तेथील मालकांनी मुठीला आडवा पंखा जोडून अंगठा पलीकडे जाणारच नाही असे दस्ते लावले. धरावयास ते गैरसोयीचे आहेत आणि ती गैरसोय हाच त्यांचा कायदेशीर गुण आहे.

याच काळात दस्त्याने आपली जुनी मर्यादा ओलांडली. धक्क्याच्या मागेपुढे होण्याचा उपयोग करून अर्धस्वयंचलित रायफल मशिनगनच्या वेगाजवळ नेणारे 'बंप स्टॉक' २०१० मध्ये सरकारी खात्याने सुटा भाग म्हणून नियमनाबाहेर ठेवले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगास येथील संगीत महोत्सवावर असे दस्ते लावलेल्या रायफलींतून गोळीबार झाला. त्यातील बळींची संख्या पुढे ६० धरण्यात आली. दस्ता गोळी झाडत नाही, हे या लेखाच्या आरंभी केलेले विधान येथे अपुरे पडते. ज्या कायद्याने १० वर्षे दस्त्याच्या आकृतीची काळजी वाहिली त्याच्या व्याख्येत, दस्त्याने खरोखरच रायफलीचे कार्य बदलले तेव्हा, त्यासाठी जागा नव्हती. खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये नियम करून या दस्त्यांना मशिनगन ठरविले; तो २६ मार्च २०१९ पासून लागू झाला आणि मालकांना ते नष्ट करण्यास किंवा जमा करण्यास सांगण्यात आले. १४ जून २०२४ रोजी 'गार्लंड विरुद्ध कारगिल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला. चापाच्या एका क्रियेत एकच गोळी सुटते, म्हणून ती मशिनगन नव्हे, असे बहुमताचे म्हणणे होते.

पिस्तुलाला मागे लावावयाचा 'ब्रेस' हा आधारही याच मालिकेतला. अपंग माजी सैनिकाला एका हाताने पिस्तूल स्थिर धरता यावे म्हणून २०१२ मध्ये तो निघाला. तो मनगटाला बांधावयाचा होता, पण लोकांनी खांद्याला टेकविला. हा दस्ता आहे की नाही यावर खात्याने वेळोवेळी निरनिराळी मते दिली. जानेवारी २०२३ च्या नियमाने असे बहुतेक आधार दस्तेच ठरविले आणि ते लावलेल्या पिस्तुलांचे मालक एका रात्रीत आखूड नळीच्या रायफलींचे मालक झाले. टेक्सासच्या संघीय न्यायालयाने जून २०२४ मध्ये तो नियमही रद्द केला. माउझरच्या लाकडी म्यानापासून निघालेला प्रश्न ९० वर्षांनी पुन्हा न्यायालयाच्या दारात आला होता.

१९३४ पासून न बदललेला २०० डॉलरचा कर आखूड नळीच्या रायफलींच्या बाबतीत २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. नोंदणी मात्र ठेवली. त्यामुळे १६ इंचांहून आखूड नळीच्या पिस्तुलाला घरी दस्ता लावू इच्छिणाऱ्या माणसाने आधी अर्ज, बोटांचे ठसे व छायाचित्र पाठवावयाचे आणि मंजुरी हाती आल्यावरच दस्त्याला हात लावावयाचा. दस्ता त्याआधीच टपालाने घरपोच आलेला असू शकतो.